तुरुंगातले साडेतीन दिवस

रोजचा व्यवहार काही दिवस बाजूला ठेवून मौन, प्रार्थना आणि आत्मपरीक्षण यांसाठी काढलेला वेळ म्हणजे ख्रिस्ती परंपरेतली रिट्रीट. एरवी त्यासाठी माणसे गाव सोडून मठात किंवा डोंगरावरच्या आश्रमात जातात. कैदी कुठे जाणार? तो आधीच जगापासून तोडलेला असतो, आणि तरीही खच्चून भरलेल्या बराकीत त्याला घटकाभर एकांत मिळत नाही. त्यामुळे तुरुंगातली रिट्रीट उलट्या दिशेने चालते. माणसाला बाहेर नेण्याऐवजी ती बाहेरची माणसे आत आणते.

नुसता एकांत दिला की पश्चात्ताप होतो, ही समजूत जुनी आहे. अमेरिकेतल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या प्रभावातून फिलाडेल्फियात 1829 साली ईस्टर्न स्टेट तुरुंग उघडला. प्रत्येकाला स्वतंत्र कोठडी, छतातून येणारा उजेड आणि सोबतीला बायबल. हेतू चांगला होता, पण व्हायचे ते झाले. 1842 मध्ये तो पाहून आलेल्या चार्ल्स डिकन्सने ही शिक्षा मनाचा छळ करणारी असल्याचे लिहिले. एलिझाबेथ फ्राय हीसुद्धा क्वेकरच. पण लंडनच्या न्यूगेट तुरुंगात तिने वेगळी वाट धरली. 1817 पासून तिथल्या बायकांसाठी तिने स्वयंसेविकांची मंडळी उभी केली. बायबलवाचनाच्या जोडीला शिवणकाम आणि मुलांची शाळा होती. आजच्या तुरुंगसेवेची नाळ फ्रायच्या या कामाशी जुळते.

सध्याच्या रिट्रीटचा साचा मात्र स्पेनमधला आहे. मायोर्का बेटावर 1940 च्या दशकात एदुआर्दो बोनिन या गृहस्थाने मित्रांसह 'कुर्सियो' नावाचे छोटे शिबिर आकाराला आणले. त्यात बोलण्याचे बरेचसे काम पाद्रींऐवजी साधे संसारी लोक करत. हाच साचा 1976 मध्ये फ्लोरिडातल्या रेफर्ड येथील तुरुंगात नेण्यात आला आणि पुढे त्याला 'कायरोस' हे नाव मिळाले. हा ग्रीक शब्द. अर्थ योग्य वेळ, घटिका.

कायरोसचे शिबिर साडेतीन दिवसांचे. कैदी लहान गटांत टेबलाभोवती बसतात, प्रत्येक टेबलाशी स्वयंसेवक असतात. छोटी भाषणे, त्यावर गप्पा, गाणी आणि प्रार्थना असा क्रम. स्वयंसेवकांना पहिली शिकवण मिळते ती ऐकून घेण्याची. उपदेश करण्याची खोड मोडावी लागते. घरी भाजलेली बिस्किटे हा या शिबिराचा ठेवणीतला पदार्थ. शिबिराला न बसलेल्या कैद्यांनाही ती वाटली जातात. शिवाय ज्याच्याशी वैर आहे अशा कैद्याला नेऊन देण्यासाठी प्रत्येकाला एक पुडी मिळते. क्षमेवर तासभर प्रवचन देण्यापेक्षा ही पुडी हातात घेऊन चार पावले चालणे कितीतरी अवघड असावे.

ब्राझीलमध्ये मारिओ ओत्तोबोनी या वकिलाने साओ जोझे दोस काम्पोस शहरात 1972 साली 'अपाक' ही चळवळ सुरू केली. तिच्या पद्धतीतही काही दिवसांची रिट्रीट आहे, पण बारा घटकांपैकी एक म्हणून. बाकीच्या घटकांत काम, कुटुंब, वकिलाची मदत आणि कैद्यांनी एकमेकांची घेतलेली जबाबदारी येते. रिट्रीटला एवढीच जागा देणे जास्त शहाणपणाचे दिसते.

भारतात 1981 मध्ये केरळातल्या कोट्टायमजवळच्या वडवाथूर सेमिनरीत पाद्री होण्यासाठी शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी कैद्यांच्या भेटी सुरू केल्या. त्यातून 'प्रिझन मिनिस्ट्री इंडिया' ही कॅथलिक संघटना वाढली. स्वयंसेवक प्रार्थनासभा आणि समुपदेशन करतात. सुटून आलेल्यांसाठी निवारेही चालवले जातात. ऑगस्टमधला दुसरा रविवार चर्चमध्ये तुरुंगसेवेसाठी पाळला जातो. संघटनेचे आश्रयदाते संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांनी नाझींच्या आउश्वित्झ छळछावणीत दुसऱ्या कैद्याऐवजी मरण पत्करले, त्यांचा स्मृतिदिन 14 ऑगस्टला येतो.

कायरोसचा अमेरिकी साचा भारतात जसाच्या तसा बसत नाही. 2022 अखेर देशातल्या 5,73,220 बंद्यांपैकी 4,34,302 न्यायाधीन, म्हणजे बोलीतले कच्चे कैदी होते. आज गटात बसलेला माणूस उद्या तारखेला जातो, परवा जामिनावर सुटतो. गुन्हा शाबीत न झालेल्याला पश्चात्तापाचे आवाहन करणेही विचित्रच. इथे शिबिरापेक्षा दर आठवड्याची भेट अधिक कामाची. धर्मांतराचा संशय हा दुसरा प्रश्न. राज्यघटनेचे पंचविसावे कलम श्रद्धेचे स्वातंत्र्य देते, पण बंदिस्त माणसाच्या 'हो'ला मोकळ्या माणसाच्या 'हो'इतके वजन नसते. म्हणून सहभाग स्वेच्छेचा असावा आणि त्याच्या बदल्यात सवलत मिळू नये, हे पथ्य पाळावेच लागते. फेरगुन्हे घटल्याचे दावेही बेताने घ्यावेत. आपणहून शिबिराला येणारा कैदी बऱ्याचदा आधीच बदलायला निघालेला असतो.

महाराष्ट्रातल्या तुरुंगांना साधनेचे वावडे नाही. विपश्यनेची शिबिरे झाली आहेत, 2022 मध्ये बंद्यांची अभंग आणि भजन स्पर्धाही झाली. तुकोबांचा अभंग कानावर घेऊन वाढलेल्या बंद्याला कुर्सियोपेक्षा टाळ जवळचा. ख्रिस्ती स्वयंसेवकाने इथे यायचे ते या पंगतीत बसायला.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावच्या माणसाला मोठी शिक्षा झाली की वाट सहसा येरवड्याची. 1871 मध्ये बांधलेला हा मध्यवर्ती तुरुंग जुन्नरपासून नव्वदेक किलोमीटरवर आहे. बंद्यापाठोपाठ त्याच्या घरच्यांचीही शिक्षा सुरू होते. भीमाशंकरच्या अंगाला असलेल्या आहुपे गावातल्या आईला मुलाकतीसाठी घोडेगाव, मंचर आणि मग नाशिक रस्त्याने पुणे असा प्रवास पडतो. दिवसाचा रोज बुडतो आणि गावात कुजबुज होते ती वेगळीच. कायरोसने हे ओळखून कैद्यांच्या घरच्या बायकांसाठी 'कायरोस आउटसाइड' ही वेगळी शिबिरे सुरू केली. ती तुरुंगाबाहेर भरतात आणि तिथे कुणाला आपल्या माणसाचा गुन्हा सांगावा लागत नाही. येरवड्यात काही चांगले घडले, तरी संचित रजेवर (फर्लोवर) आलेला माणूस शेवटी याच घरात पाऊल ठेवतो. त्याच्याशी काय बोलायचे, ही तयारी तोवर घरानेही केलेली असावी लागते.