अरबस्तानच्या सफरीचे कपडे : शिलाई नंतर, आधी कापड पाहा

उमरा किंवा हजचे नक्की झाले की गिऱ्हाईक दुकानात येते आणि पहिला सवाल करते, ‘‘सेठ, एहरामचा सेट केवढ्याला?’’ कापड कसले आहे हे क्वचितच कोणी विचारतो. पोशाखाचे शरई मसले उलेमांकडून समजून घ्यावेत, तो आमचा प्रांत नाही. पण मक्का-मदिनेच्या हवेत कोणते कापड अंगाला सोसते, हे सांगण्याची जबाबदारी कापड विकणाऱ्याचीच आहे. ती आम्ही एकदा पाळली नाही.

काही वर्षांपूर्वी एका बुजुर्ग गिऱ्हाइकाला आम्ही टर्किश टॉवेलच्या कापडाचा एहराम ‘प्युअर कॉटन’ म्हणून दिला. घाऊक व्यापाऱ्याच्या बिलावर तसेच लिहिले होते, आम्ही तपासले नाही. सफा-मरवाच्या सात फेऱ्या म्हणजे सुमारे तीन किलोमीटर चाल, त्याच्या आधी तवाफ. ते परत आले तेव्हा मांड्या सोलून निघाल्या होत्या. दुकानात येऊन त्यांनी रागाचा एक शब्द काढला नाही, फक्त एहराम गल्ल्यावर ठेवला. आम्ही त्यांच्यासमोरच कडेचे सूत ओढून आगकाडी लावली. सूत आक्रसले, वितळले आणि टोकाला काळी कडक गाठ राहिली. अस्सल सुती धागा कागदासारखा जळतो आणि चिमटीत भुरभुरीत राख होते. मिश्र सूत असेल तर राखेत खडे लागतात. हा इम्तिहान माल घेताना करायचा असतो, गिऱ्हाईक परत आल्यावर नाही.

आता कारण. नेहमीच्या हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओल धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. कोरड्या उष्ण हवेत घाम कापडात शिरून उडाला तरच अंग थंड होते. पॉलिएस्टर घाम पीत नाही, म्हणून तो कातडीवरच राहतो आणि चालताना घासतो. अर्थात सुतीही चिंब झाले की घासते. म्हणून मांड्यांच्या आतल्या बाजूला बिनवासाचे व्हॅसलीन लावावे. एहराममध्ये खुशबू मना आहे, हे डबी घेताना विसरू नये.

‘‘पण अरब लोक तर चकचकीत पॉलिएस्टरचेच तोब घालतात,’’ असे गिऱ्हाईक म्हणते. खरे आहे, त्यांतले पुष्कळ कापड जपानहून येते. पण तिथला शेख वातानुकूलित गाडीतून उतरून वातानुकूलित दिवाणखान्यात जातो. आपला हाजी पायी चालतो. २०२४ च्या जूनमध्ये हजच्या दिवसांत मक्केत पारा ५१ अंशांच्या वर गेला होता आणि १३०० हून अधिक माणसे दगावली. कापडाने कोणाचा जीव वाचतो असा आमचा दावा नाही, पण अशा उन्हात अंगावर चुकीचे कापड नसावे इतकेच.

उन्हाळ्यात टर्किश टॉवेलचा एहराम घेऊ नये. त्याचे फासे घाम पितात हे खरे, पण पिऊन जड होतात आणि सुकायला वेळ लावतात. साध्या विणीचे सुती कापड बरे. खालची इजार जरा घट्ट विणीची असावी, कारण पातळ वायल ओली झाली की आरपार दिसते आणि पर्दा राहत नाही. वरच्या चादरीला मलमल चालते. पन्हा ४५ इंच आणि लांबी सव्वादोन ते अडीच मीटर असावी. अंगाने भारी माणसाने लांबी जास्त घ्यावी, नाहीतर चालताना इजार उघडते. आणि नवे कापड तसेच बॅगेत टाकू नये. नव्या कापडात कांजी असते, ती असेपर्यंत कापड पाणी पीत नाही आणि कडाही बोचतात. दोनदा धुऊन काढावे. आकसायचे ते घरीच आकसेल.

बायकांच्या बाबतीत आम्हाला जास्त बोलावे लागते. ‘निदा’ नावाने विकला जाणारा काळा बुरखा अंगावर छान पडतो, पण तो पॉलिएस्टर आहे. खाली सुती सलवार-कुर्ता ढिला असेल तरच तो निभतो. काळ्या रंगाची मात्र फार भीती बाळगू नये. १९८० मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात बदाऊंच्या काळ्या झग्यांवर संशोधन छापून आले होते. झगा काळा असो वा पांढरा, अंगापर्यंत पोहोचणारी उष्णता सारखीच निघाली. झगा ढिला असला की आत हवा खेळते आणि कापडाने घेतलेली उष्णता अंगाला लागण्याआधी निघून जाते. म्हणजे रंगापेक्षा घेर महत्त्वाचा. बुरख्याची लांबी जमिनीपासून दोन इंच वर ठेवावी. हॉटेलांत सरकते जिने आहेत, लोंबता घेर त्यात अडकतो. डोक्याला सुती वायलचा दुपट्टा घ्यावा, रेशमी घसरतो आणि दिवसभर पिना शोधाव्या लागतात.

जोड किती न्यावेत? पंधरा दिवसांच्या उमऱ्याला नेहमीच्या कपड्यांचे तीन जोड आणि एहरामचे दोन सेट पुष्कळ झाले. मक्का-मदिनेची हवा इतकी कोरडी की रात्री धुतलेले पातळ सुती कापड सकाळी घालता येते. जेद्दा समुद्रकाठी आहे, तिथे हवा दमट असते, तिथे हा हिशेब धरू नये. डिसेंबर-जानेवारीत मदिनेच्या रात्री चांगल्याच थंड असतात, स्वेटर लागतो. एहराममधल्या पुरुषाला स्वेटर चालत नाही, त्याने बिनशिवणीची शाल वेगळी ठेवावी. उन्हाळ्यातही ती शाल कामाला येते, कारण घामेजल्या अंगाने हरमच्या थंड हवेत बसले की खोकला धरतो. चपलेसाठी कापडी पिशवी घ्यावी. मताफचा संगमरवर पायाला गार लागतो, पण चप्पल हरवली तर बाहेरचा रस्ता पाय भाजतो. ही पिशवी आम्ही कटपीसमधून शिवून एहरामबरोबर फुकट देतो.

दुकानदार भावांसाठी एक हिशेब. २०२५ चा हज जूनच्या पहिल्या आठवड्यात झाला. तो दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकतो, म्हणजे २०३० मध्ये एप्रिलात येईल आणि पुढे थंडीत. एप्रिल-मेमध्येही मक्का तापतेच, तेव्हा साध्या विणीचा माल अजून काही वर्षे चालेल. टर्किश टॉवेलचा जाड माल सध्या हिवाळी उमऱ्यापुरताच भरावा, तोही सूत जाळून पाहिल्यावर.