पाच भाडेकरू, एक घर : इंग्लंडमधील परवाना फीचा हिशेब

रत्नागिरी आणि रायगडकडील अनेक कोकणी मुस्लिम कुटुंबे इंग्लंडमध्ये स्थायिक झाली आहेत. तेथे घर घेऊन त्याच्या खोल्या वेगवेगळ्या लोकांना भाड्याने देणे हा एक चालता जोडधंदा आहे. त्यात भांडवल घालू पाहणारे व्यापारी बांधव घराची किंमत आणि भाडे यांचा हिशेब नीट करतात. स्थानिक कौन्सिलची परवाना फी मात्र हिशेबाबाहेर राहते आणि पुढे तीच महाग पडते.

परवाना कोणाला?

२००४ च्या गृहनिर्माण कायद्यानुसार, एकाहून अधिक कुटुंबांतील पाच किंवा अधिक माणसे एका घरात राहत असतील आणि स्वयंपाकघर, न्हाणीघर किंवा संडास सामायिक असेल, तर परवाना सक्तीचा आहे. पूर्वी ही सक्ती तीन किंवा अधिक मजल्यांच्या घरांनाच होती. १ ऑक्टोबर २०१८ पासून मजल्यांची अट गेली. तीन-चार भाडेकरूंच्या घरांनाही आपल्या हद्दीत परवाना लावण्याचा अधिकार कौन्सिलला आहे.

येथे 'कुटुंब' या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा. आईवडील, भाऊबहीण, काका, मामा, पुतणे, भाचे, इतकेच नव्हे तर चुलत व मामे भावंडेही एकाच कुटुंबात धरली जातात. गाववाला मात्र धरला जात नाही. मुंबईत एकाच गावची माणसे गावाच्या खोलीत एकत्र राहत आली. इंग्लंडचा कायदा गाव पाहत नाही, नाते पाहतो.

फी कशी असते?

फी प्रत्येक कौन्सिल आपापली ठरवते. अनेक ठिकाणी ती हजार पौंडांच्या वर जाते. परवान्याची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची असते. मात्र ही फी म्हणजे कौन्सिलच्या कमाईचे साधन नव्हे, परवान्याच्या कामाला जो खर्च येतो त्यापुरतीच ती घेता येते.

यामागे एक गाजलेला खटला आहे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर कौन्सिलने काही दुकानांच्या परवान्यासाठी २०११-१२ साली २९,१०२ पौंड फी लावली होती. त्यातील २६,४३५ पौंड हा विनापरवाना धंदा करणाऱ्यांवरील कारवाईचा खर्च होता. दुकानदार कोर्टात गेले. असा खर्च अर्जाबरोबरच मागता येणार नाही, असा निकाल युरोपीय न्यायालयाने २०१६ साली दिला. २०१८ मध्ये रिचमंड कौन्सिलविरुद्धच्या खटल्यात हायकोर्टाने हेच तत्त्व भाड्याच्या घरांना लावले. म्हणून आता फी दोन हप्त्यांत घेतली जाते. पहिला हप्ता अर्ज तपासण्याचा, दुसरा परवाना मंजूर झाल्यावर. अर्ज नामंजूर झाला तर दुसरा हप्ता लागत नाही.

सौद्यापूर्वी पाहावे

परवाना हस्तांतरित होत नाही. परवाना असलेले घर विकत घेतले तरी नव्या मालकाला नवा अर्ज व नवी फी भरावीच लागते. '२०२३ मध्येच फी भरली आहे' असे विकणारा सांगत असेल, तर त्याचा घेणाऱ्याला काही उपयोग नाही.

खोलीचे मापही पाहावे. एका प्रौढाच्या झोपण्याच्या खोलीला किमान ६.५१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ७० चौरस फूट, जागा हवी, दोघांना १०.२२ चौरस मीटर. माप कमी भरले तर ती खोली झोपण्यासाठी देता येत नाही आणि तिचे भाडे हिशेबातून जाते.

२०१९ च्या कायद्यामुळे परवाना फी भाडेकरूकडून वेगळी वसूल करता येत नाही. ती मालकाच्याच खर्चात धरावी.

विनापरवाना घर चालविणे हा गुन्हा आहे. कौन्सिलला ३० हजार पौंडांपर्यंत दंड करण्याचा आणि भाडेकरूला वर्षभराचे भाडे परत मिळविण्याचा मार्ग २०१६ च्या कायद्याने खुला केला. २०२५ च्या कायद्याने या दोन्ही मर्यादा आणखी वाढविल्या. हजार-दीड हजार पौंड पाच वर्षांवर वाटले तर महिन्याला सुमारे सतरा ते पंचवीस पौंड पडतात. तेवढे वाचविण्यासाठी वर्षभराचे भाडे पणाला लावणे हा व्यापार नव्हे.

सौदा ठरविण्याआधी त्या कौन्सिलचे फीचे कोष्टक मागवावे, खोल्या मोजून घ्याव्यात आणि मगच बयाणा द्यावा.