आवणीच्या दिवसांतलं भाजे

११ जुलै २०२५ला लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा ऊर भरून आला. दोनच दिवसांनी, रविवारी, पायथ्याच्या आमच्या भाजे गावात एका मोटारीच्या चाकाखाली माझ्या खाचराचा बांध फुटला. आवणीसाठी कोंडलेलं पाणी ओढ्याला गेलं.

गावाची गोष्ट सगळे लेण्यांपासून सांगतात. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातलं चैत्यगृह, त्याच्या छताला अजून टिकून असलेल्या लाकडी कमानी. मग लोहगड-विसापूर, मग इंग्रज आणि रेल्वे. ते पुस्तकांत आहे. मला सांगायची आहेत ती १९८९ ते २००२ ही वर्षं, कारण ती कुणी लिहीत नाही.

१९८९च्या जुलैत डोंगर खचला आणि गावातली माणसं दरडीखाली गेली. तेव्हापासून पाऊस वाढला की आई चुलीआधी डोंगराकडे बघायची. तरी पुढच्या जुलैत आवणी झालीच. इरलं पांघरून बाया ओळीने वाकलेल्या, डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताचा अंगठा चिखलात. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातला इंद्रायणी भात १९८७मध्ये आला होता आणि एकेक खाचर त्याचं होत गेलं. वडिलांनी आंबेमोहोराचा एक तुकडा मात्र राखला. त्याची पेज उतू गेली की शेजारी विचारायचे, आज कोण पाहुणे?

मग द्रुतगती मार्ग आला. २००२पर्यंत तो पूर्ण झाला आणि मळवली स्टेशनातून घरी येताना आम्ही पुलावरून त्याला ओलांडू लागलो. मुंबई जवळ आली, तसे दलालही आले. त्यातला एक वडिलांना रोज चहाला न्यायचा. सातबाऱ्यावरचे बाकीचे वाटेकरी त्याने आधीच फोडले होते. वडील एकटे किती दिवस नाही म्हणणार? आंबेमोहोराचा तुकडा गेला, तिथे आज कुंपण आणि हिरवळ आहे. तो दलाल आता बंगल्यांना टँकरने पाणी पुरवतो. समोर आला तरी मी बोलत नाही.

त्या रविवारी मी बांधाला चिखल थापत होतो. मोटारीतल्या पोराने काच खाली करून विचारलं, "काका, धबधबा कुठंय?"

मी हात दाखवला. म्हटलं, "पाऊस वाढला तर डोंगराखाली थांबू नका रे."