कळण्याचा धसका

फैजपूर म्हटलं की बाहेरचा माणूस १९३६ चं काँग्रेस अधिवेशन काढतो आणि आतला माणूस केळीचा भाव. गिनी पिगचा विषय इथे कुणी काढत नाही. त्यामुळे भाचीच्या हट्टापायी जळगावहून दोन गिनी पिग घरी आले तेव्हा शेजारच्या आजींनी पिंजऱ्यात डोकावून जे विचारलं ते रास्तच होतं. "उंदरं कायले पाळले बापा? घरात कमी व्हते का?"

उंदीर नव्हेत, पण कुळ कुरतडणाऱ्यांचंच. शेपूट नाही, पुढच्या पायांना चार-चार बोटं, मागच्यांना तीन-तीन, आणि दात जन्मभर वाढत राहणारे. मूळ गाव दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत. तिथल्या लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी त्यांना माणसाळवलं ते मांसासाठी, आणि पेरू देशात आजही ते ताटात असतात. युरोपात गेल्यावर ते आधी हौसेचे आणि पुढे प्रयोगशाळेचे झाले. क्षयाचे जंतू कॉखनं १८८२ साली जगासमोर मांडले ते गिनी पिगवरच्या प्रयोगांच्या आधारानं. हाफकिननं १८९२ साली पॅरिसमध्ये पटकीची लस आधी या प्राण्यांना टोचली आणि मग स्वतःला. परळच्या संस्थेला ज्याचं नाव आहे तोच हा हाफकिन. ताट असो की प्रयोगशाळा, प्राण्याचा आपल्यावर भरवसा आहे का, हा प्रश्न तिथे कुणाला पडायचं कारण नव्हतं. पकडता आला म्हणजे झालं. घरात तेवढ्यावर भागत नाही, आणि खानदेशात तर मुळीच नाही.

दोघे एकाच वेतातले भाऊ. तांबूस, अंगावर येणारा तो ठेचा. काळपट राखी, सदा कोपऱ्यात असलेला तो कळणा. दोन आणले हे चांगलंच झालं. हा कळपातला प्राणी आहे, एकटा ठेवला की झुरतो. स्वित्झर्लंडमध्ये २००८ च्या नियमांनुसार एकटा गिनी पिग पाळताच येत नाही. आपल्याकडे दुकानदार एकटा विकतो, जोडी मागितली तर नर-मादी हाती ठेवतो, आणि सव्वादोन महिन्यांत घरात डोळे उघडे असलेली, अंगभर केस असलेली पिल्लं पळायला लागतात. जोडी घेताना दोन्ही नर किंवा दोन्ही माद्या आहेत हे जाणत्याकडून बघून घ्यावं. जोडीचा आणखी एक फायदा भित्र्याला होतो. धीट भाऊ हातातून खातो आणि त्याला काही होत नाही, हे तो कोपऱ्यातून बघत असतो.

पहिलं काम त्यांना लपायला जागा देण्याचं. माणूस उलटं करतो. लपायला दिलं तर माणसाळणार कसे, म्हणून पिंजरा उघडाबोडका ठेवतो. मग प्राणी चोवीस तास धसक्यात राहतो. आमच्याकडे खोक्यांना तोटा नाही. सावदा-रावेरच्या बाजूनं केळी ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून बाहेरगावी जातात, त्यातला एक कोरा खोका घेतला, पिना काढल्या आणि समोरासमोर दोन दारं कापली. दोन दारं महत्त्वाची. एकच दार असलं की एक भाऊ दारात बसतो आणि दुसरा आत कोंडला जातो. खाली जुन्या सुती लुगड्याची घडी, वर मारवेलीचं वाळलेलं गवत. बारदान घालू नये. त्याचे धागे पायात अडकतात.

दुसरं काम म्हणजे काहीच न करणं, आणि ते सगळ्यांत जड. भाचीला मांडीवर घ्यायचे होते, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात लावून बघायचा होता. पाहुण्यांतल्या एकानं कळण्याला उचललंही, आणि तो त्यांच्या तळहातावर दगडासारखा बसून राहिला. "किती गरीब आहे हो!" असं कौतुक झालं. गरीब वगैरे काही नव्हता. गिनी पिग भ्याला की दोनच गोष्टी करतो, उधळतो नाहीतर थिजतो. उधळायला जागा नसली की थिजतो. डोळ्याची पांढरी कड दिसत होती, कान मागे गेले होते, श्वास कुशीत धडधडत होता. माणसाच्या हातात निपचित बसलेला प्राणी निवांत आहे असं समजण्यातून या जनावरांचे जितके हाल होतात तितके मारामुळेही होत नसावेत.

त्याच्या जागी बसून बघितलं तर धसका समजतो. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे जवळजवळ सगळीकडचं दिसतं. मात्र नेमकं नाकासमोरचं दिसत नाही, आणि अंतराचा अंदाज कच्चा. वरून काही आलं तर ते शिकरा, घार नाहीतर मांजर. आपला हातही वरूनच येतो. कान इतके तिखट की आपल्याला ऐकू न येणारे उंच आवाजही त्यांना पोचतात. पिंजरा आधी टीव्हीजवळ होता. तो मधल्या खोलीत भिंतीलगत, टेबलाच्या उंचीवर नेला, तेव्हा आम्ही जवळ गेलो तरी आमची सावली त्यांच्या डोक्यावर पडेनाशी झाली. एवढ्यानं निम्मी उधळण थांबली.

मग कोथिंबीर. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, वेळ चुकवायची नाही. पिंजऱ्याजवळ जायच्या आधी बोलायचं, काहीही, पण रोज तेच. भाची पाढे म्हणायची. लांब देठाची काडी घ्यायची, हात पिंजऱ्याच्या तळाशी टेकवायचा, बाजूनं सरकवायचा आणि तिथेच ठेवायचा. पुढे न्यायचा नाही. ठेचा पहिल्याच बैठकीत आला, काडी हिसकून घेऊन पळाला. कळणा खोक्याच्या दारात. आधी फक्त मिशा हलल्या. मग नाक बाहेर, मग मान इतकी लांब की मागचे पाय खोक्यात आणि तोंड कोथिंबिरीपाशी. मधलं अंग रबरासारखं ताणलेलं. परत पळता यावं म्हणून मागचे पाय तो जागचे हलवत नव्हता. पान दातांत आलं, ओढलं, तुटलं, आणि तो आत. काडी जरा हलली असती तर तेही नाही.

पुढची सगळी कला देठ आखूड करत नेण्याची. रोज नाही, ज्या दिवशी मागचे पाय खोक्याबाहेर आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. देठ बोटाएवढं झालं की तो बोटालाच नाक लावतो, आणि कधी हलकेच दातही. तो चावा नव्हे. नाकासमोरचं दिसत नसल्यानं हे खायचं की नाही याची तो चाचपणी करतो. अशा वेळी हात झटकला की आठवड्याची कमाई गेली. म्हणून हाताला कांदा-लसणाचा वास नको. हे दोन्ही त्यांना विषारी, आणि खानदेशी स्वयंपाकघरातून आलेल्या हाताला दुसरा वास असतो कुठे!

कोथिंबीर नुसती लालूच नाही. माणसासारखंच या प्राण्यालाही शरीरात क जीवनसत्त्व बनवता येत नाही. होल्स्ट आणि फ्रोलिश या नॉर्वेच्या दोघांना १९०७ साली गिनी पिगमध्येच स्कर्व्ही उभा करता आला, आणि त्या रोगाचं कोडं सुटायला तिथून वाट मिळाली. तेव्हा रोज कोथिंबीर, ढोबळी मिरचीची फोड, हंगामात पेरूची चकती. भाजी नीट धुऊन, कारण फवारणीचा नेम नाही. पोट मात्र गवतावरच. म्हशीचा लसूणघास मोठ्या गिनी पिगला रोज देऊ नये, त्यातल्या कॅल्शियमनं मूतखडे होतात. कोवळी ज्वारी जनावराला लागते हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. तीच सावधगिरी इथेही. आणि केळं? आजींचा आग्रह रोजचा, "एखादं केयं दे न त्यायले." केळीच्या मुलखात पाहुण्याला केळं नाही म्हणणं जड जातं, पण त्यात साखर फार. आठवड्यातून नखाएवढी चकती, आणि तीही आजींच्याच हातून, अशी तडजोड झाली. केळीचं पान मात्र दोघेही आवडीनं फाडून खातात.

हात ओळखीचा झाला तरी अंगावर फिरवू द्यायला कळण्यानं बराच वेळ घेतला. सुरुवात कानामागून आणि हनुवटीखालून. पाठीवरून मागे गेलं की तो मान झटकन वर उडवायचा. बहुतेक जण हा लाड समजतात. त्याचा अर्थ, पुरे. तिथे थांबलं की दुसऱ्या खेपेला तो अर्धा बोटभर जास्त चालवून घेतो. दात कटकट वाजले तर हात काढून घ्यायचा, प्रश्न नाही. खोल, संथ गुरगुर चांगली. तीच चढत्या सुरात आणि अंग ताठ करून असेल तर नाराजीची. फ्रीजचं दार किंवा पिशवी वाजली की 'व्वीऽक व्वीऽक' सुरू होतं. ठेच्यानं ते लगेच उचललं. कळण्याचा पहिला आवाज ऐकला तेव्हा भाची स्वयंपाकघरातून ओरडली, "मामा, हा तो आहे, ठेचा नाही!" त्याच हिवाळ्यात एका संध्याकाळी गवत बदलल्यावर त्यानं जागच्या जागी उडी मारली, हवेत अंग वळवलं आणि पुन्हा मारली. खूश झालेले गिनी पिग असे लाहीसारखे उडतात.

हे सगळं हिवाळ्यात उरकावं लागतं, कारण पुढे जळगाव जिल्ह्याचा उन्हाळा आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, आणि या प्राण्याला तिशीच्या वर धोका. त्याला घाम येत नाही. जुन्या धाब्याच्या घरात मधली खोली दुपारीही गार राहायची. स्लॅबच्या घरात कूलर लागतो. कूलर पहिल्यांदा सुरू केला तेव्हा दोघेही खोक्यात घुसले आणि रात्रीपर्यंत बाहेर आले नाहीत. म्हणून फेब्रुवारीतच, गरज नसताना, लांबच्या खोलीत नुसता पंखा लावून आवाजाची सवय केली, मग एकेक खोली जवळ. झोत अंगावर घ्यायचा नाही. वीज गेली की पिंजऱ्यावर ओलं धोतर, आत फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली आणि माठाच्या पाण्यात भिजवलेलं कौल. ठेचा कौलावर पोट टेकून पडतो. कळणा कडेला.

ऊन लागलेला गिनी पिग आडवा पडतो, भराभर श्वास घेतो, तोंडातून लाळ येते. तेव्हा कान आणि पाय साध्या गार पाण्यानं ओले करायचे, बर्फाच्या पाण्यात बुडवायचं नाही, आणि दवाखाना गाठायचा. अशा वेळी ज्याला हाताची भीती आहे तो उरलासुरला जीव पळण्यात घालवतो. भरवसा लाडापायी कमवायचा नसतो म्हणतो तो यासाठी. हा प्राणी आजार लपवतो. दुबळा दिसला की शिकाऱ्याच्या तोंडी, ही त्याची पिढीजात समजूत. त्यामुळे खाणं कमी झाल्याचं आपल्या लक्षात येईतो उशीर झालेला असतो, आणि दिवसभर पोटात काही गेलं नाही तर आतडी थांबतात. आधी कळतं ते वजनावरून. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन, वहीत नोंद. आठवड्यात पन्नास-साठ ग्रॅम उतरलं की सावध व्हायचं.

वजनासाठी पकडावं लागू नये, हीच आमची कसोटी. धरपकडीचा एक रविवार सहा दिवसांची कोथिंबीर पुसून टाकतो. खोका इथे पुन्हा कामाला आला. खोक्यासकट उचलायचं, काट्यावर ठेवायचं, रिकाम्या खोक्याचं वजन वजा करायचं. अडचण एवढीच की ठेचा आधी आत शिरून बसतो. त्याला वेगळ्या टोपलीत कोथिंबीर द्यायची, मग कळण्याच्या खोक्यासमोर दोन बोटं टेकवून पाढे म्हणायचे. तो आत येतो, स्वतःच्या पायांनी. उचलायचीच वेळ आली तर एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि लगेच आपल्या अंगाशी. हवेत लोंबकळला की तो उडी मारतो, आणि कमरेएवढ्या उंचीवरून पडला तरी कणा मोडू शकतो. म्हणून मुलांनी त्याला जमिनीवर बसूनच घ्यावं.

डॉक्टरांचं आधीच बघून ठेवावं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दिवस जातो तो गाई, म्हशी, शेळ्यांत. एवढासा रुग्ण क्वचित येतो. जाताना वजनाची वही न्यावी आणि एक गोष्ट आवर्जून सांगावी. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं, विशेषतः तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन, गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात आणि त्यात तो दगावू शकतो. घरातल्या उरलेल्या गोळीचा तुकडा देण्याची आपली सवय इथे घात करते.

मांडीवर बसणं ठेच्याला चालतं. टॉवेल अंथरला की तो पसरतो, क्वचित डोळेही मिटतो. कळणा मांडीवर येतो, काडी घेतो आणि उतरायला बघतो. आम्ही उतरू देतो. एक काम अजून अडतं ते नखांचं. काळ्या नखात रक्तवाहिनी दिसत नाही, म्हणून भाची खालून मोबाइलचा टॉर्च धरते आणि मी टोकापुरतं कापतो. ठेच्याचे चारही पाय एका बैठकीत होतात. कळणा एका बैठकीला एकच पाय देतो, त्यामुळे चौथ्याची पाळी येईतो पहिल्याची नखं पुन्हा वाढलेली असतात.