साडेपाच तासांची चूक

घरच्या संगणकात विंडोज तसंच ठेवून शेजारी लिनक्स बसवलं, की काही दिवसांतच एक चमत्कारिक प्रकार दिसू लागतो. लिनक्समधलं काम आटोपून विंडोज सुरू करावं, तर सकाळचे दहा वाजलेले असताना पडद्यावर पहाटेचे साडेचार. तिथे घड्याळ नीट करून परत लिनक्समध्ये यावं, तर इथे दुपारचे साडेतीन! माणूस आधी व्हायरसवर संशय घेतो, मग बॅटरीवर, मग ज्याने लिनक्सचं खूळ डोक्यात घातलं त्या मित्रावर.

पण जरा आकड्याकडे बघा. चूक दर वेळी नेमकी साडेपाच तासांची आहे. कधी पुढे, कधी मागे, पण मिनिटाचाही फरक नाही. बिघाड इतका काटेकोर नसतो. ग्रीनिच आणि आपल्या भारतीय प्रमाणवेळेत जेवढं अंतर, तेवढीच ही चूक आहे. संगणकातल्या दोषांचं निदान असं चूक किती आहे या मापावरूनच होऊ शकतं, आणि घड्याळाइतकं सुरेख उदाहरण त्याला दुसरं नाही.

संगणक बंद असताना वेळ मोजतं कोण? मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी एक चपटी बॅटरी असते, तीन व्होल्टची. तिच्या जोरावर क्वार्ट्‌झचा एक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरत असतो. हा आकडा असा आडवळणाचा का? कारण तो निम्मा करा, पुन्हा निम्मा करा, असं पंधरा वेळा केलं की बरोबर एक उरतो. निम्मं करणं हे इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या हातचा मळ. त्यामुळे जवळजवळ शून्य विजेवर सेकंदाचा ठोका मिळतो आणि बॅटरी अनेक वर्षं पुरते.

हा ठोका मोजणाऱ्या चिपचं कूळ १९८४ सालच्या आयबीएम पीसी-एटीपर्यंत जातं. चिपमध्ये सेकंद, मिनिट, तास, दिवस, महिना, वर्ष यांचे कप्पे आहेत. फक्त ही वेळ कुठल्या गावची, हे लिहायला कप्पाच नाही. सगळी गोम इथे आहे. विंडोज डॉसची परंपरा पाळतं आणि चिपमधला आकडा स्थानिक वेळ समजतं. लिनक्स युनिक्सच्या घराण्यातलं, ते तोच आकडा जागतिक प्रमाणवेळ मानतं. घड्याळ इंटरनेटशी जुळलेलं असेल तर लिनक्सचं कर्नल दर अकरा मिनिटांनी चिपमध्ये आपली वेळ लिहून ठेवतं. म्हणजे एका खोलीत दोन भाडेकरू, भिंतीवर घड्याळ एकच, आणि बाहेर पडताना दोघंही ते आपापल्या हिशेबाने लावून जातात. दोघंही आपल्या जागी बरोबर आहेत.

आता गंमत बघा. हीच भानगड काठमांडूच्या संगणकावर पावणेसहा तासांची होते. न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घरात ती हिवाळ्यात पाच तासांची आणि उन्हाळ्यात चार तासांची, तीही उलट्या दिशेने. लंडनमध्ये तर हिवाळाभर ती दिसतच नाही, कारण तिथली वेळ आणि जागतिक वेळ एकच. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं पुढे सरकली, की काल चांगला चालणारा संगणक एक तास चुकायला लागतो. दोष पहिल्या दिवसापासून आत बसलेला असतो, दिसतो मात्र वसंतात.

लिनक्स सुरू होताना चिपमधली वेळ वाचतं आणि पुढे प्रोसेसरच्या मोजणीवर स्वतःच वेळ चालवतं. आत तास, वार, महिने असलं काही नसतं. १ जानेवारी १९७० च्या जागतिक मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले, एवढा एक आकडा. तारीख हरवलेला एखादा फोटो '१ जानेवारी १९७०, पहाटे ५.३०' असं दाखवताना तुम्ही पाहिला असेल. तो आकडा शून्य आहे. भारतात शून्य पहाटे साडेपाचला उजाडतं.

त्या आकड्याची तारीख होते ती पडद्यावर येताना, आणि त्यासाठी लिनक्स वेळविभागांचा एक कोश उघडतं. आपली नोंद 'आशिया/कोलकाता' या नावाखाली आहे. जुनं 'आशिया/कलकत्ता'ही अजून चालतं. मुंबईला नोंद नाही, कारण १९७० पासून ज्यांची घड्याळं एकसारखी चालली त्यांना एकच नोंद द्यायची, असा त्या कोशाचा नियम आहे. आत डोकावलं तर मात्र थक्क व्हायला होतं. टर्मिनलवर 'झेडडम्प' ही आज्ञा देऊन कोलकात्याची नोंद उलगडा. १९०६ पूर्वी ग्रीनिचच्या पुढे ५ तास २१ मिनिटं १० सेकंद, ही मद्रासची वेळ. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तास. दुसऱ्या महायुद्धात काही काळ साडेसहा तास. कोशाच्या मूळ फाइलमधल्या टिपणात तर १९०६ साली प्रमाणवेळेविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या मुंबईच्या गिरणी कामगारांचाही उल्लेख आहे. मुंबईची जुनी वेळ ग्रीनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटं होती आणि शहरात ती पुढची कित्येक दशकं रेटली गेली. ईमेलची वेळ बरोबर दिसावी म्हणून ठेवलेल्या फाइलशेजारी हा सगळा इतिहास फुकटात मिळतो, हे मला अजूनही अचंब्याचं वाटतं.

आता दुसरं माप. घड्याळ रोज सेकंद-दीड सेकंदाने सरकत असेल, तर दोष स्फटिकाच्या स्वभावाचा. दहा लाखांत वीस भागांची चूक अशा स्फटिकाला माफ असते, आणि दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत तिचे पावणेदोन सेकंद होतात. यावरचा इलाज डेलावेअर विद्यापीठातल्या डेव्हिड मिल्स यांचा. ऐंशीच्या दशकात त्यांनी इंटरनेटवरून घड्याळं जुळवण्याची रीत बसवली. तुमचा संगणक दूरच्या सर्व्हरला वेळ विचारतो. प्रश्न निघाला कधी, पोहोचला कधी, उत्तर निघालं कधी, परत आलं कधी, अशा चार नोंदी होतात. जायला आणि यायला सारखाच वेळ लागला असं धरून प्रवासाचा वेळ वजा केला, की दोन घड्याळांतला फरक हाती येतो. तो लहान असेल तर लिनक्स काटा मागे ओढत नाही. सेकंदच अगदी नकळत लांबवतं किंवा आखडतं आणि हळूहळू मेळ घालतं. आधी जतन केलेली फाइल नंतरची ठरली तर कितीतरी प्रोग्रॅम गोंधळतात, म्हणून वेळ शक्यतो मागे जाऊ द्यायची नाही.

तिसरं माप वर्षांचं. संगणक उघडला आणि तारीख काही वर्षांपूर्वीची निघाली, तर ती नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. हा दोष चांगलाच फसवा, कारण तो इंटरनेटच्या बिघाडाचं सोंग घेतो. ब्राउझर बँकेची साइट असुरक्षित म्हणून नाकारतो, लिनक्सचं अपडेटही अडतं. त्यांच्या दृष्टीने त्या साइटचं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नसतं! लोक राउटर बदलतात. बदलायची असते स्वस्तातली बॅटरी. रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकांत चौथ्या पिढीपर्यंत तर असं बॅटरीवरचं घड्याळ मुळातच नाही. तिथे लिनक्स शेवटची माहीत असलेली वेळ मेमरी कार्डावर टिपून ठेवतं, सुरू झालं की तिथून पुढे मोजायला लागतं आणि इंटरनेट मिळताच खरी वेळ घेतं.

राहिला साडेपाच तासांचा इलाज. 'टाइमडेटसीटीएल' ही आज्ञा दिली की स्थानिक वेळ, जागतिक वेळ आणि चिपमधली वेळ एकाखाली एक दिसतात. चिपमधली वेळ जागतिक वेळेशी जुळायला हवी. लिनक्सला विंडोजसारखं वागायला सांगता येतं, पण तसं केलंत तर याच आज्ञेच्या उत्तरात या पद्धतीला पुरता आधार नाही असा इशारा येतो, आणि तो योग्यच आहे. विंडोजलाच वळवावं. त्याच्या रजिस्ट्रीत वेळविभागाच्या माहितीचा विभाग आहे. तिथे 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' नावाची नोंद तयार करून तिची किंमत १ ठेवली, की विंडोजही चिपमधली वेळ जागतिक मानू लागतं आणि भांडण मिटतं.

चौथं माप अजून कुणाच्या घरी दिसलेलं नाही: १३६ वर्षं. जुन्या ३२ बिटी व्यवस्थेत सेकंदांच्या आकड्याला २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जागा नाही. १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी तो आकडा भरेल आणि पुढच्याच सेकंदाला उलटून १४ डिसेंबर १९०१ दाखवेल. वेळ असेल पहाटेचे २ वाजून ७ मिनिटं २ सेकंद. १९०१ म्हणजे १९०६ च्या आधीचं साल, म्हणून तीही मद्रासच्या हिशेबाने. आजचं ६४ बिटी लिनक्स या संकटातून सुटलं आहे, आणि ३२ बिटी यंत्रांसाठीही २०२० पासूनच्या कर्नलमध्ये सोय आहे. माळ्यावरच्या जुन्या ३२ बिटी संगणकाचा सर्व्हर करून ठेवला असेल, तर त्यावरचं लिनक्स त्या मंगळवारच्या आत बदलून घ्या.