विश्लेषण : शिडाच्या बोटीवर हॅम रेडिओची अँटेना कशी उभारतात?

भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’ ही बोट २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडून उलटली आणि तिच्या डोलकाठ्या मोडल्या. ऑस्ट्रेलियातील पर्थ तेथून सुमारे १९०० सागरी मैलांवर होते. पाठीला जबर दुखापत झालेले टॉमी उपग्रह यंत्रणेवरून लघुसंदेश पाठवू शकले. तीन दिवसांनी फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ या जहाजाने त्यांची सुटका केली. अशा प्रवासात लांब पल्ल्याचा रेडिओही सोबत असतो, पण त्याची अँटेना बहुतेकदा डोलकाठीच्याच आधाराने उभी असते. ती उभारताना काय पाहावे लागते, आणि डोलकाठी गेल्यावर काय उरते?

उपग्रहाच्या काळात हॅम रेडिओ कशाला?

बंदराजवळ वापरला जाणारा व्हीएचएफ रेडिओ साधारण नजरेच्या टप्प्यात चालतो. एका बोटीवरून दुसरीशी बोलायचे तर दहा-पंधरा सागरी मैलांपलीकडे त्याचा भरवसा नाही. हॅम मंडळी वापरतात त्या एचएफ लहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर जातात. उपग्रह फोनवर एका वेळी एकाशीच बोलता येते. रेडिओवरची हाक मात्र त्या वारंवारतेवर कान लावून बसलेल्या सगळ्यांना एकदम ऐकू जाते. समुद्रावरील हॅमसाठी १४.३०० मेगाहर्ट्झ हे असेच एक ठरलेले भेटीचे ठिकाण आहे. इथे रोज बोटींची हजेरी घेतली जाते, हवामान सांगितले जाते.

रेडिओ मुका झाला तर काय होते, याचे जुने उदाहरण मुंबईत बांधलेल्या बोटीचेच आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये ‘सुहैली’तून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करत असताना त्यांचा रेडिओ बिघडला. त्यानंतर कित्येक महिने ते जिवंत आहेत की नाही, हे कोणालाच माहीत नव्हते. गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ ही याच ‘सुहैली’ची प्रतिकृती.

डोलकाठीच्या तारेची अँटेना कशी होते?

डोलकाठी पुढे झुकू नये म्हणून तिच्या शेंड्यापासून बोटीच्या मागच्या टोकापर्यंत पोलादी तार ताणलेली असते. तिला बॅकस्टे म्हणतात. ही तार वर आणि खाली अशा दोन ठिकाणी कापून तिथे इन्सुलेटर बसवतात. मधला तुकडा विजेच्या दृष्टीने सुटा होतो आणि तीच अँटेना बनते. वेगळा खांब नको, वाऱ्याला वेगळा अडथळा नाही. पण ज्या तारेवर डोलकाठी तोललेली आहे तीच कापायची, म्हणून अनेक नावाडी कचरतात, आणि त्यांचे चूक नाही. त्यामुळेच चांगल्या इन्सुलेटरमध्ये तारेची दोन्ही टोके एकमेकांत अडकवलेली असतात. मधला भाग फुटला तरी तार सुटत नाही. कापायचेच नसेल, तर शिडाच्या दोराने एक वेगळी तार वर खेचून घेणे हा स्वस्त आणि मागे फिरता येणारा मार्ग.

खालचा इन्सुलेटर डेकपासून दोनेक मीटर उंच ठेवतात. बोलताना या तारेच्या टोकाला हजारो व्होल्टचा दाब असू शकतो, आणि हेलकावणाऱ्या बोटीवर माणूस हाताला लागेल ते धरतो. या लहरींचा चटका त्वचेच्या आत खोल भाजतो.

तार किती लांब हवी?

इथे सहज फसगत होते. लांब तार म्हणजे चांगली तार, असे नाही. १४.३ मेगाहर्ट्झची अर्धी तरंगलांबी तारेत मोजली तर सुमारे १० मीटर भरते. मध्यम आकाराच्या बोटीचा बॅकस्टे नेमका त्याच्या आसपास बसू शकतो. अशी तार टोकाकडून चालवली तर तिथे विजेला प्रचंड विरोध होतो आणि जुळवणी करणारा ट्युनर हात टेकतो. म्हणून वापरायच्या पट्ट्यांची यादी समोर ठेवून, अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत बसणार नाही अशी लांबी आधी ठरवतात आणि मग इन्सुलेटरच्या जागा. ट्युनर रेडिओशेजारी नव्हे, तर तारेच्या पायथ्याशी, डेकखाली लावतात. कारण ट्युनरपासून वर जाणारी केबल हाही अँटेनाचाच भाग असतो.

समुद्रावर ‘जमीन’ कुठून आणायची?

खरी मेहनत या अर्ध्या भागाची आहे. तार ही अँटेनाची एक बाजू, दुसरी बाजू म्हणजे जमीन. खारे पाणी वीज उत्तम वाहते, म्हणून समुद्रासारखी जमीन किनाऱ्यावरच्या हॅमला स्वप्नातही मिळत नाही. पण फायबरग्लास किंवा लाकडाच्या बोटीत रेडिओ आणि पाणी यांच्यामध्ये कवच आहे. ट्युनरपासून तांब्याची रुंद पट्टी काढून ती पाण्याला टेकलेल्या ब्राँझच्या जोडणीला किंवा तळाखालच्या धातूच्या पत्र्याला नेतात. गोल वायरऐवजी पट्टी, कारण उच्च वारंवारतेची वीज पृष्ठभागावरून वाहते. ती जितकी आखूड तितकी बरी. दुसरा उपाय म्हणजे कवचाच्या आतून वेगवेगळ्या लांबीच्या तारा पसरणे. पोलादी बोटीला यातले काही करावे लागत नाही, तिचे अंगच जमीन असते.

एक धोका मात्र लगेच दिसत नाही. तांबे, ब्राँझ आणि इंजिनाचे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना जोडले गेले की बोटच बॅटरी होते आणि त्यातला एक धातू झिजू लागतो. म्हणून पट्टी एका ठिकाणी तोडून मध्ये कपॅसिटर बसवतात. रेडिओची लहर त्यातून जाते, झिजवणारा एकदिश प्रवाह अडतो.

बोलताना बोट का वळते?

अँटेना काही हातांवर असल्याने तिची लहर बोटीतल्या सगळ्या वायरिंगमध्ये शिरते. माइकचे बटण दाबताच स्वयंचलित सुकाणू बोट भलतीकडे नेते, हा अनुभव नवा नाही. त्यावर वायरींभोवती फेराइटची कडी चढवतात. उलट दिशेनेही त्रास असतो. सौर पॅनेलचा नियंत्रक, फ्रीज, चार्जर यांच्या खरखरीत दूरची क्षीण हाक बुडते. त्यामुळे ऐकायच्या वेळी एकेक उपकरण बंद करून चोर शोधावा लागतो. १०० वॉटचा रेडिओ बोलताना बॅटरीतून २० अँपिअरच्या आसपास खेचतो, तेव्हा जाड वायर हवीच.

परवान्याचे काय?

भारतात केंद्रीय दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. खोल समुद्रावरून बोलताना हॅम आपल्या संकेतनामापुढे ‘मेरिटाइम मोबाइल’ जोडतात. व्यापारी कामासाठी हा रेडिओ चालत नाही. जीव धोक्यात असेल तेव्हा मात्र मदत मागण्यासाठी कोणतेही उपलब्ध साधन वापरण्याची मुभा आंतरराष्ट्रीय नियमांतच आहे.

डोलकाठीच मोडली तर?

बॅकस्टे पाण्यात, पण रेडिओ, ट्युनर आणि तांब्याची पट्टी डेकखाली बहुधा शाबूत राहतात. बॅटरी कोरडी असली तर हवी असते फक्त एक तार. १४ मेगाहर्ट्झसाठी पाव तरंगलांबी, म्हणजे पाच मीटर पुरते. मासेमारीची काठी, वल्हे किंवा मोडक्या बूमचा तुकडा उभा करून ती बांधता येते, आणि खाली खारे पाणी असल्याने इतकी बुटकी अँटेनाही दूरवर पोहोचते. म्हणून अनुभवी नावाडी ट्युनरजवळच्या खणात इन्सुलेटर लावलेली तारेची गुंडाळी तयार ठेवतात आणि बंदर सोडण्याआधी ती एकदा जोडून, कोणाशी तरी बोलून पाहतात.