स्विंग संगीताचे संकलन : संहितेचा एक प्रश्न

जॅझ वाद्यवृंदाच्या एखाद्या प्रमुखाच्या नावाने प्रसिद्ध झालेली संकलित ध्वनिमुद्रिका ही वरवर पाहता केवळ करमणुकीची वस्तू होय. परंतु भाषेच्या अभ्यासकाने ती हाती घेतली, तर दोन परिचित प्रश्न त्याच्यापुढे उभे राहतात. मूळ संहिता कोणती, आणि तिचा कर्ता कोण? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार मुंबईतील स्विंग संगीताच्या आधारे करावयाचा आहे.

प्रथम स्विंग म्हणजे काय ते पाहू. इ. स. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत मोठ्या वाद्यवृंदांची जी शैली लोकप्रिय झाली, तिला हे नाव आहे. अशा वृंदात साधारणपणे पंधराच्या आसपास वादक असतात. एका गटात ट्रंपेट व ट्रॉम्बोन, दुसऱ्यात सॅक्सोफोन, आणि तिसऱ्यात पियानो, गिटार, डबल बास व ड्रम ही लय सांभाळणारी वाद्ये. एका गटाने स्वरवाक्य म्हणावयाचे व दुसऱ्याने त्याला उत्तर द्यावयाचे, ही या रचनेची मुख्य रीत. पोवाड्यात शाहिराच्या ओळीला झीलकरी जशी साथ देतात, तशीच ही योजना आहे. फरक इतकाच, की येथे झीलही आधी लिहून काढलेली असते. ती लिहिणाऱ्यास व्यवसायात 'अरेंजर' म्हणतात.

तथापि जे लिहिलेले असते तेच वाजते असे नाही. कागदावर एका मात्रेचे दोन समान भाग दाखविलेले असतात. वादक मात्र पहिला भाग लांबवितो व दुसरा आखूड करतो. मात्रेचे तीन भाग कल्पून दोन व एक अशी वाटणी करावी, असे शिकविताना सांगतात. प्रत्यक्षात हे प्रमाण स्थिर नसते. लय द्रुत होत गेली की दोन्ही भाग समान होऊ लागतात. लेखन व उच्चार यांमधील हे अंतर मराठी वाचकास नवे नाही. 'जग' हे एकच लेखन आपण 'विश्व' या अर्थी तालव्य ज-काराने आणि 'जिवंत राहा' या अर्थी दंततालव्य ज-काराने वाचतो. लिपी हा भेद दाखवीत नाही, तो परंपरेने येतो. स्विंगचेही तसेच आहे. म्हणून या संगीताची मूळ संहिता स्वरलिपीचा कागद नसून ध्वनिमुद्रण ही आहे.

हे ध्वनिमुद्रण प्रथम ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर झाले. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मावत. १९४८ साली दीर्घ वादनाची तबकडी आल्यावर अशा अनेक बाजू एकत्र करणे सुलभ झाले. कोणते मुद्रण घ्यावे, कोणत्या क्रमाने लावावे, त्यासोबत कोणती माहिती छापावी, हे ठरविणारा मनुष्य वस्तुतः संपादकाचे काम करीत असतो.

कर्तृत्वाचा प्रश्न याहून बिकट आहे. वृंदप्रमुखाचे नाव हे पुष्कळदा नाममुद्रेसारखे वापरले जाते. 'नामा' ही मुद्रा असलेली सर्व रचना ज्ञानदेवकालीन नामदेवांची नव्हे. विष्णुदास नामा यांची रचना वेगळी काढावी लागते, हे आपल्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. जॅझमधील उदाहरण ड्यूक एलिंग्टन यांचे. त्यांच्या वृंदाची ओळख ठरलेली 'टेक द ए ट्रेन' ही रचना बिली स्ट्रेहॉर्न यांची आहे. मात्र जॅझच्या अभ्यासकांनी हा गुंता लवकर ओळखला. शार्ल दलोने यांची ध्वनिमुद्रणांची सूची १९३६ साली निघाली, आणि प्रत्येक मुद्रणाची तारीख, स्थळ व वादक नोंदविण्याची शिस्त रूढ झाली.

आता मुंबईकडे वळू. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वृंद ताजमहाल हॉटेलात वाजविण्यास आला. पुढे शिकागोचे पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. त्यांच्या संगीताचे सर्वांत तत्पर ग्राहक ठरले ते गोमंतकीय वादक. चर्चच्या शाळांत त्यांना पाश्चात्त्य स्वरलिपी व वाद्ये शिकविलेली होती. त्यांपैकी हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ (१९१६–१९६७) 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रंपेटवादक व वृंदप्रमुख म्हणून प्रसिद्धीस आले. पुणतांब्यास जन्मलेले सी. रामचंद्र (१९१८–१९८२) यांना संगीतात त्यांचे साहाय्य झाले. भगवान यांच्या 'अलबेला' (१९५१) या चित्रपटात तर त्यांचा वृंद पडद्यावरही दिसतो. 'आशा' (१९५७) मधील 'ईना मीना डीका' या गाण्याच्या निरर्थक वाटणाऱ्या अक्षरांत कोंकणीतील 'मला नको' या अर्थाचे शब्द आहेत. ते जॉन गोम्स या गोमंतकीय साहाय्यकाने घातले असे सांगतात. वादकांच्या बोलीचा हा ठसा गाण्यात राहिला. तबकडीवर मात्र संगीतकार, गीतकार व गायक यांचीच नावे येत. संयोजक व वादक बहुधा अनामिक राहत.

हे अपरिहार्य होते काय? मुळशी तालुक्यातील उदाहरण पाहावे. गी पॉइटवाँ व हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने जात्यावरील ओव्यांचे जे संकलन झाले, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या असून मुळशीतील अनेक गावांचा समावेश आहे. तेथे ओवीसोबत गाणारीचे नाव व गाव नोंदविलेले आहे. पुढे बर्नार्ड बेल यांनी त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रणही केले. गाताना ओळींची होणारी उलटापालट व मध्ये येणारे पालुपद कागदावरील ओवीत दिसत नाही, ते या मुद्रणात ऐकू येते. परंपरेने जिला कवयित्री म्हटले नाही, त्या दळणारणीस येथे कर्तृत्व मिळाले. मुंबईच्या स्टुडिओत मोल घेऊन वाजविणाऱ्या वादकास ते मिळाले नाही.

तेव्हा स्विंगचे कोणतेही संकलन हाती आल्यास अभ्यासकाने चार गोष्टी पाहाव्यात : मुद्रणाचे वर्ष, स्थळ, अरेंजरचे नाव, आणि एकल वादन करणाऱ्याचे नाव. या नोंदी नसतील तर ते संकलन ऐकण्यास उत्तम असेल, पण पुरावा म्हणून अपुरे ठरेल. ट्रंपेटच्या केवळ नादावरून वादक ओळखणारी पिढी ओसरत चालली आहे. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी बोलींच्या सर्वेक्षणास निघताना या वादकांच्या कुटुंबांतील आठवणी, हस्तलिखित स्वरलिप्या व जुन्या तबकड्या यांचीही नोंद घ्यावी. तिच्यासाठी लागणारी शिस्त त्यांच्याजवळ आधीच आहे.